हरवलेला बिघाड

गाडी नीट चालते अशी तक्रार घेऊन कोणी गिऱ्हाईक येईल, असं मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मंगळवारी सकाळी विद्याधरबुवा पिकअप घेऊन आले ते नेमकं हेच रडगाणं घेऊन.

"जानकी, आयडल बिघडलंय हिचं."

विक्रोळीला, हायवेच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. वडिलांनी काढलं, ते गेल्यापासून मी चालवते. वय अठ्ठेचाळीस, नखं कायमची काळी, आणि "मेस्त्री कुठायत?" असं विचारणाऱ्याला मी हातातला पाना दाखवते. आयडल म्हणजे गाडी उभी असताना, पाय कशावरही नसताना इंजिन जे स्वतःशी चालत राहतं ते. तिथेच इंजिनाचा खरा स्वभाव कळतो. पळताना सगळीच इंजिनं शहाणी वाटतात.

मी चावी फिरवली. बुवांसाठी आलेला चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला. चहावरची साय जागची हलली नाही.

"कुठे बिघडलंय?"

"हेच," बुवा ग्लासाकडे बोट दाखवून म्हणाले. "हलत नाही ती."

"हलत नाही म्हणजे चांगलं आहे बुवा."

"तुझ्यासाठी चांगलं. आमची वाट लागली."

मी चिडले. कारण ती गाडी नीट मी केली होती, तीही फुकट. पंधरा दिवसांपूर्वी सुशांत ती ऑइल बदलायला सोडून गेला होता. सुशांत म्हणजे बुवांच्या भजनी मंडळातला झांजवाला, गाडीही तोच चालवतो. तेव्हा ती उभ्या उभ्या अशी हिसके देत होती की बघवेना. दुसऱ्याच्या घरात तिरका फोटो दिसला तरी मी उठून सरळ करते. त्यामुळे तीन नंबरच्या सिलिंडरचा डिझेल फवारणारा नोझल बदलला, एक चिरलेला रबरी पाइप बदलला, फिल्टर झाडला, आणि कोणाला काही बोलले नाही. म्हटलं, देवाचं काम करणारी गाडी आहे, आपलाही हात लागू दे.

ही पिकअप लिंगेश्वर प्रासादिक भजन मंडळाची. चौदा वर्षांची, डिझेलची, जुन्या पद्धतीच्या पंपाची. पूर्वी तिचं काम पेटी, पखवाज आणि माणसं नेण्यापुरतं होतं. पण दोन वर्षांपूर्वी कांजूरला एका पूजेच्या भजनात ऐन वेळी लाइट गेली. सुशांतने अॅम्प्लिफायर गाडीच्या बॅटरीला जोडला. बॅटरी म्हातारी, म्हणून इंजिन चालू ठेवलं. वायर तोकडी, म्हणून सगळं मंडळ पिकअपच्या हौद्यात चढून बसलं. त्या दिवशी भजन असं काही रंगलं की लोक जेवायला उठेनात. आणि आमच्या कोकणातल्या लोकांचं एक आहे. एखादी गोष्ट एकदा जमली की ती का जमली हे कोणी विचारायचं नाही, ती पुढच्या वेळी तशीच्या तशी करायची. तेव्हापासून लाइट असो नसो, स्टेज असो नसो, मंडळ हौद्यात बसतं आणि इंजिन चालू असतं. धुराबद्दल आयोजक कुरकुरले की बुवा सांगतात, परंपरा आहे.

दोन वर्षांची परंपरा! पण नाव झालं ते खरं. मंडळाची 'हिसक्याची चाल' मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत गाजली. समेवर यायच्या आधी अर्धा श्वास अडकल्यासारखं व्हायचं आणि मग सगळे धाडकन एकत्र कोसळायचे. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. दुसऱ्या मंडळांनी ती उचलायचा प्रयत्न केला, कोणालाही जमली नाही. ती चाल लवूकाकाच्या हाताची, असं सगळे मानत होते. लवूकाका मंडळाचा पखवाजवाला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, माझ्या वडिलांचा दोस्त, मला खांद्यावर बसवून गणपती बघायला नेणारा.

"गेल्या रविवारी बोरिवलीला गेलो," बुवा म्हणाले. "गाडी तुझ्याकडून आल्यानंतरचा पहिला कार्यक्रम. लवूचा हात गेला होता गं. नुसता चाचपडत होता. दोनदा सम सोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

"मग त्यात माझी गाडी कुठे आली?"

"तो म्हणतो, गाडी होती तशी करून द्या, हात आपोआप येतो."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

बुवांनी चहा संपवून ग्लास परत बॉनेटवर ठेवला. येत्या रविवारी घाटकोपरला डबलबारी होती. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसून गाण्यातून एकमेकांना उत्तरं देतात ती डबलबारी. समोर होते मुलुंडचे ओजसबुवा, वय तीस, संगीत शिकलेले. मंडळाने बैठक घेऊन ठरवलं होतं की शनिवारपर्यंत लवूचा हात आला तर ठीक, नाहीतर रविवारी पखवाजावर दुसरा माणूस. आणि एकदा उतरवलेला पखवाजवाला पुन्हा चढत नाही, हे मलाही माहीत होतं.

"शनिवारपर्यंत बिघाड परत पाहिजे," बुवा म्हणाले आणि चालत निघून गेले.

मी आयुष्यभर बिघाड काढत आले. घालायला कोणी शिकवलं नव्हतं. तरी मला वाटलं, यात काय आहे? जुना नोझल परत बसवायचा की झालं. तो माझ्याकडे होता. मी कुठलीही वस्तू टाकत नाही. पण मी कुठलीही वस्तू घाण ठेवतही नाही. काढल्या काढल्या सवयीने मी तो डिझेलमध्ये भिजवला होता, ब्रशने घासला होता आणि चकचकीत करून डब्यात ठेवला होता. बसवला. गाडी नव्या नोझलपेक्षाही गोड चालायला लागली. मी पाना भिंतीवर फेकला.

बुधवारी सगळं मंडळ मदतीला हजर. नऊ माणसं. मी म्हटलं, "आधी मला कळू दे, बिघाड होता कसा? नेमकं काय करायची गाडी?"

त्यांनी तो मला गाऊन दाखवला. खोटं सांगत नाही. लवूकाका सोडून आठ प्रौढ माणसं, त्यांत एक बँकेचा मॅनेजर, गॅरेजमध्ये अर्धगोल उभी राहून इंजिनाचा आवाज तोंडाने काढत होती. "घुर्र घुर्र घुर्र... हिक्!" शेजारच्या टायरवाल्याने दुकान अर्धवट बंद केलं. शिवाय आठ जणांचं एकमत नाही. कोणी म्हणे हिसका चौथ्याला, कोणी म्हणे सातव्याला, मॅनेजर म्हणाला तो जागा बदलायचा आणि तीच तर गंमत होती. त्यावरून दोघांची जुंपली. शेवटी बुवा म्हणाले, "हे लवूलाच विचारा."

लवूकाका हौद्यात चढला, पत्र्यावर आडवा झाला आणि गाल पत्र्याला टेकवून पडून राहिला. "कर चालू," म्हणाला.

एखादा सिलिंडर काम करतो की नाही हे बघायची जुनी रीत आहे. इंजिन चालू ठेवून त्याच्या डिझेलच्या नळीचा नट किंचित ढिला करायचा. इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. मी ती रीत उलटी वापरली. एकेक सिलिंडर मुद्दाम आळशी केला. एक नंबर. लवूकाकाने पडल्या पडल्या हात हलवला. नाय. दोन नंबर. नाय. तीन नंबरवर मला खात्री होती. गाडी थरथरायला लागली, बॉनेटवरचे स्क्रू उड्या मारायला लागले.

"ह्यो थरथरता नुसतो," लवूकाका उठून बसला. "ह्येका ताप इलो हा. तो वेगळो होतो गो. तो थांबा, इचार करी, आणि मगे देय."

विचार करून हिसका देणारं इंजिन. मी कपाळावर हात मारला, कपाळ काळं झालं.

मग सूचना सुरू झाल्या. सुशांत म्हणाला, इंजिनाखालचं एक रबर काढून टाकू. मॅनेजर म्हणाला, टाकीत थोडं खोबरेल घालून बघा. मी त्याला बाहेर काढला. तेवढ्यात बुवांनी पिशवीतून नारळ काढला. मला वाटलं होतं माझ्या गॅरेजमध्ये तरी हे होणार नाही. पण बुवा बॉनेटसमोर उभे राहिले, नारळ दोन्ही हातांत धरला आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घालायला लागले.

"बा देवा म्हाराजा! आज ही लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्या इंजिनात जो काय बिघाड होतो, तो कोणाच्या तरी हातान नाहीसो झालो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तो होतो तसो, होतो थयच, परत येवंदे रे म्हाराजा! आणि जेच्या हातान ह्या झाला, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे मीही म्हटलं. लहानपणापासूनची सवय, तोंडातून आपोआप निघतं. नारळ बंपरवर फोडला. गाडी सुरू केली. अजिबात हलली नाही.

गुरुवारी सगळे कामावर गेले. राहिलो मी, लवूकाका आणि गाडी. लवूकाका हौद्यात गाल टेकवून, मी गाडीखाली पाठीवर. डिझेलच्या धुराने घसा खवखवत होता, म्हणून तोंडाला फडकं बांधलं होतं. मी पंपाचा स्क्रू थोडा फिरवला.

"काका, असा का?"

उत्तर नाही.

"काका! असा होता का?"

नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा समोरून जाणारा रिक्षावाला थांबला, पण हौद्यातून हूं नाही की चूं नाही. वयाने पिकलेला माणूस, उन्हात तापलेला पत्रा. मी सरपटत बाहेर आले तर हा आरामात डोळे मिटून पडलेला. मी त्याचा खांदा हलवला आणि जे तोंडात येईल ते बोलले. कामाला लावतोस, वर झोपा काढतोस, मी काय रिकामी आहे का, सगळं.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फडको काढ आधी. मगे बोल."

मी फडकं काढलं. "म्हटलं, असा होता का हिसका?"

"नाय, ह्यो पण नाय," तो लगेच म्हणाला.

मी फडकं पुन्हा बांधलं. का बांधलं ते मला त्या क्षणी नीट कळलंही नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि फडक्याआडून, चांगली मोठ्याने, एक शिवी हासडली. साधी नाही. आमच्या तुळसुली गावात म्हशीलाही कोणी घालत नाही अशी. माझ्या बापाने ऐकली असती तर थडग्यातून उठून कानाखाली वाजवली असती, आणि आमच्यात थडगी नसतात.

लवूकाका प्रेमाने हसला. मान डोलावली. "व्हय, व्हय," म्हणाला.

मी हौद्याच्या फळीवर बसले. फडकं काढलं. "काका, तुला ऐकू येत नाही."

त्याने रस्त्याकडे बघितलं, मग माझ्या ओठांकडे. ही नजर मी गेली दोन वर्षं बघत होते. मला वाटायचं, म्हातारा किती लक्ष देऊन ऐकतो.

"सतरा वर्षां मिलच्या साचेखात्यात, मागांवर होतंय," तो म्हणाला. "थय दोनशे साचे एकदम चलत. कोण कोणाचा ऐकतलो? सगळे तोंडाकडे बघून बोलत. साचो बिघाडलो तर कानाक नाय, पायाक कळा. डावो कान थयच ठेवन इलंय. उजवो दोन वर्षांमागे गेलो."

"आणि पखवाज?"

त्याने पत्र्यावर हात थोपटला, गाईच्या पाठीवर थोपटावा तसा. "ही सांगा माका. ही हिसको देय, मी थाप मारी."

मला सगळं कळायला थोडा वेळ लागला. मंडळ लवूकाकाच्या मागे जात होतं. लवूकाका गाडीच्या मागे जात होता. आणि गाडी एका बिघाडाच्या मागे. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत लोकांनी ज्या चालीवर माना डोलावल्या, ती माझ्या हातून गेली होती, आणि ती गेली म्हणजे हा माणूस गेला होता. मला फार वाईट वाटलं. चांगलं काम करून एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"कोणाक सांगा नको," लवूकाका म्हणाला. "सांगलंस तर माका हौद्यातसून उतरवतले. मगे मी घरात बसान काय करू? घरात तर काय्येक हलणा नाय."

"तू गप पडून राहा," मी म्हटलं, आणि पुन्हा खाली शिरले.

शुक्रवारचा पूर्ण दिवस मी त्या इंजिनाशी भांडले. हवा कमी केली, डिझेल जास्त केलं, पंप मागेपुढे केला. चौदा प्रकारचे बिघाड मी घातले, आणि प्रत्येक बिघाड अस्सल होता, कुठल्याही गॅरेजने मान्य केला असता. लवूकाका प्रत्येकाला हात हलवून नापास करत होता. संध्याकाळी मी हात टेकले. शटर ओढलं आणि घरी जाऊन न जेवता झोपले.

शनिवारी सकाळी शटर उघडायला आकडा घेतला. लोखंडी सळी आहे, टोकाला वाक दिलेला. उन्हात हाताला चटके बसतात म्हणून मी तिच्या मुठीवर रबर चढवलं आहे. शटर वर गेलं. मी तशीच उभी. मग मुठीकडे बघितलं.

ते रबर मी पंधरा दिवसांपूर्वीच चढवलं होतं. वीतभर, काळं, एका बाजूला केसाएवढी चीर. पिकअपचा जुना पाइप! मी रोज सकाळ-संध्याकाळ बिघाड हातात धरून बिघाड शोधत होते.

माझे वडील सांगायचे, एका वेळी एकच वस्तू बदल, नाहीतर गाडी बरी होईल पण तुला आजार कळणार नाही. मी एकाच दिवसात नोझल आणि पाइप दोन्ही बदलले होते आणि सगळं श्रेय नोझलला देऊन बसले होते. नोझल बिचारा थोडा घाण होता, इतकंच. खरा खेळ पाइपचा होता. चिरेतून घोटभर हवा आत जायची, इंजिनाचा जीव खाली यायचा, पंप घाबरून डिझेल वाढवायचा, इंजिन उसळायचं. थांबायचं, विचार करायचं आणि मग द्यायचं. लवूकाकाने शब्दन् शब्द बरोबर सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

पाइप सळीवरून उपसला, जागेवर बसवला, चावी फिरवली. गाडी चालली, चालली, चालली, श्वास धरला, आणि हिसका दिला. लवूकाका तेव्हा नुकताच येऊन हौद्यात चढत होता. त्याने दोन्ही तळवे पत्र्याला लावले. मग त्याची बोटं आपोआप वाजायला लागली. मी बॉनेटच्या मागे जाऊन नाक पुसलं.

बारी रविवारी दुपारी चारला होती, घाटकोपरला एका सोसायटीच्या आवारात, गणपतीच्या देवळाचा वर्धापनदिन म्हणून. मी भजनाला कधी जात नाही. त्या दिवशी गेले, खिशात पाना घेऊन. एका बाजूला मंडप, त्यात ओजसबुवा इस्त्रीच्या झब्ब्यात, आणि त्यांच्या पखवाजावर रेवती नावाची पंचविशीतली मुलगी. समोर आमची पिकअप, मागची फळी पाडलेली, हौद्यात नऊ माणसं आणि समयी. इंजिन चालू.

काय वाजवलं म्हाताऱ्याने! अर्धा तास मी स्वतःच्या दंडावरचे काटे बघत होते. बुवांचा अभंग हिसक्यावर यायचा, अडायचा आणि कोसळायचा, आणि खुर्च्यांवरची माणसं ओरडायची. ओजसबुवांनी उत्तर दिलं तेही झकास होतं, सुरात, हिशेबात, रेवतीचा हात तर लखलखीत. पण लोकांच्या पोटात गोळा येत नव्हता. मग शेवटच्या गजराची पाळी आमची. इथेच बारी ठरते. बुवांनी लय चढवली, झांजा उसळल्या, आणि बॉनेटखालून 'फट्' असा आवाज आला.

पाइप. चीर होती, फाटला. इंजिनाने दोन आचके दिले आणि बंद पडलं. त्याबरोबर अॅम्प्लिफायर गेला.

बुवा थांबले नाहीत, उघड्या गळ्याने गात राहिले. पण लवूकाकाचा हात वर गेलेला होता, तो वरच राहिला. त्याच्या खालून जमीन काढून घेतली होती. त्याने कोणाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर तशी भीती मला पुन्हा बघायची नाही.

पाइप बदलायला दहा मिनिटं लागतात. माझ्याकडे एक श्वास होता. मी पिकअपच्या मागच्या बंपरवर चढले, दोन्ही हातांनी हौद्याची कड धरली आणि गुडघे वाकवून सगळं अंग खाली सोडलं. स्प्रिंगा करकरल्या, गाडी डुचमळली. पुन्हा. पुन्हा. मग थांबले, श्वास धरला, आणि हिसका दिला.

थाप पडली.

मी जन्मात नाचले नाही. लग्नात वरातीतही नाही. त्या दिवशी घाटकोपरमध्ये दोन-तीनशे लोकांसमोर मी एका पिकअपच्या बंपरवर उठाबशा काढत होते. ऐंशी किलो वजन पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी आलं. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. ते टाळ्या वाजवायला लागले, तेही माझ्या उठाबशांवर. पण मी मेस्त्री. तीन आवर्तनांनंतर माझे गुडघे बोलायला लागले आणि लय घसरायला लागली. लवूकाकाच्या थापा माझ्यामागे घसरल्या.

तेवढ्यात गाडी दुसऱ्या बाजूने दबली. बघते तर शेजारी बंपरवर रेवती. समोरच्या मंडळाची पखवाजवाली! पायात चप्पल नाही, साडी खोचलेली. तिने एकदा लवूकाकाच्या पायांकडे बघितलं होतं, ते पत्र्याला कसे चिकटलेत ते, आणि तिला कळलं होतं. ज्याचं त्याला कळतं.

"ताई, माझ्याबरोबर," ती म्हणाली. "आणि इथे सोडा. आत्ता!"

सोडलं. मंडळ असं कोसळलं की समयीची वात उडाली. मंडपात ओजसबुवा चक्क उभे राहिले. मला वाटलं रेवतीवर ओरडतील. त्यांनी झब्ब्याच्या बाह्या सरसावल्या आणि टाळ्यांवर ताल धरला. गजर किती वेळ चालला मला माहीत नाही. संपला तेव्हा मी बंपरवरून उतरले नाही, पडले.

नंतर अर्धा तास वाद. एका कार्यकर्त्याने हरकत घेतली की मंडळाच्या यादीत नाव नसलेल्या दोन कलाकारांनी साथ केली, त्यातली एक विरुद्ध बाजूची, आणि वाद्य होतं गाडी. दुसरा म्हणाला, नियमात गाडीबद्दल काही लिहिलेलं नाही. शेवटी दोन्ही बुवांना एकेक शाल दिली आणि बटाटेवडे वाटले.

मी बंपरला टेकून बसले होते. बुवा आले, शेजारी बसले, उपरण्याने घाम पुसला.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाइपचं?"

"पाइपचं नाही."

मी वडा खात राहिले. बुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "पुढच्या रविवारी बोरिवलीला आहे," म्हणाले. "लवू आहेच. तू मोकळी आहेस ना? त्या मुलीला मी विचारतो."

ते गेले. मग हौद्यातून लवूकाका उतरला, एकेक पाय सांभाळत. पखवाज गवसणीत घातलेला, खांद्यावर. माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, डोळ्यांत पाणी वगैरे येईल, आणि मला ते झेपणार नव्हतं.

"बरा चलला," तो म्हणाला. "पण तुझा आयडल जरा फास्ट होता गो."

मी उठले. त्याच्यासमोर नीट उभी राहिले, तोंडावरचे केस मागे सारले, वड्याचा घास गिळला. आणि गुरुवारी फडक्याआडून घातलेली ती शिवी मी त्याला पुन्हा घातली. सावकाश, एकेक अक्षर सोडवून, त्याला नीट दिसेल अशी.